टाच सरकवताना श्वास सोडा

गुडघा बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टने मला पलंगाच्या कडेला बसवलं आणि टाच मागे घ्यायला सांगितलं. मी दात आवळले, चादर मुठीत धरली. पाय जेमतेम हलला. ती म्हणाली, "काकू, श्वास कुठे अडकलाय तुमचा?" खरंच, मी तो छातीत कोंडून बसले होते.

दुखलं की आपण श्वास रोखतो. मग जबडा, खांदे, मांडी, सगळंच आवळतं आणि आवळलेली मांडी गुडघ्याला वाकू देत नाही. श्वास कोंडून जोर लावला तर रक्तदाबही चढतो. म्हणून सावकाश श्वास सोडण्याचा सराव करायचा, आणि तो शक्यतो ऑपरेशनच्या आधीच करून ठेवा. कळा येत असताना नवीन काही शिकायला डोकं थाऱ्यावर नसतं.

पाठीवर पडा, डोक्याखाली उशी घ्या. ऑपरेशनच्या गुडघ्याखाली मात्र उशी नको. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण पाय पुरता सरळ व्हायला नंतर जड जातं. एक हात छातीवर, दुसरा पोटावर ठेवा. मनात चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या. पोटावरचा हात वर यायला हवा, छातीवरचा जवळजवळ जागेवरच राहायला हवा. मग ओठांचा चंबू करून सहा अंक मोजत हळू सोडा, समोर मेणबत्ती असेल तर ज्योत नुसती थरथरेल, विझणार नाही इतक्या हळू. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब. चार-सहा जमत नसेल तर तीन-चार करा. पाच मिनिटं पुरे. गरगरलं किंवा बोटांना मुंग्या आल्या तर श्वास फार जोरात चाललाय असं समजा. थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

खरा उपयोग होतो तो व्यायामात. खुर्चीत बसा, टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवा म्हणजे फरशीवर पाय घसरतो. श्वास घेताना पाय हलवायचा नाही. सोडायला लागलात की टाच मागे सरकवा. जिथे अडेल तिथेच थांबा, पुढे रेटू नका. त्याच जागी दोन-तीन सावकाश श्वास सोडा. पहिल्या श्वासाला मांडी दगडासारखी असते. तिसऱ्याला ती हाताखाली सैल पडलेली मला चक्क जाणवायची, आणि टाच आणखी बोटभर मागे जायची. वॉकर धरून उठतानाही हेच, बसल्या जागी श्वास घ्या आणि उठताना सोडा.

रात्र सगळ्यात अवघड. तेव्हा मी फक्त सोडलेले श्वास मोजायचे, एक ते दहा, पुन्हा एक. मध्येच आकडा चुकला तर एकपासून सुरू. प्रत्येक श्वासाबरोबर एकेक जागा सैल सोडायची: जीभ, खांदे, मुठी, ढुंगण. दुखणं जात नाही, पण त्याच्याशी चाललेली झटापट कमी होते.

याच्या भरवशावर गोळ्या बंद करू नका. गोळी वेळेवर घ्या; व्यायामाच्या किती आधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र दिलं असेल तर तेही टाळू नका. ते फुप्फुसांसाठी असतं, त्याचं काम वेगळं. दम्यासारखा जुना आजार असेल तर आधी विचारून घ्या. आणि पोटरी सुजली, गरम झाली, दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर मात्र श्वासाचा व्यायाम करत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. रक्ताची गुठळी असू शकते.

घरच्यांनाही एक सांगून ठेवा. "सैल सोड, सैल सोड" म्हटल्याने मी जास्तच आवळायचे. मग माझी मुलगी शेजारी बसून नुसती ऐकू येईल अशी "फूऽऽ" करायला लागली. मी तिच्या मागोमाग सोडायचे, मोजायचीही गरज राहायची नाही.