जुन्या शाळेसमोर इतिहासाचा फलक लावायचाय? आधी मजकूर पक्का करा

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फलकाचा विषय निघाला की उद्घाटनाला कोणाला बोलवायचं यावरच सगळी चर्चा होते, पण भाऊ, पाहुणे निघून जातात अन् दगडावर लिहिलेलं तसंच राहते, म्हणून आधी मजकूर.

सनावळी नीट तपासा. आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचंच घ्या, मिशनरी स्टीफन हिस्लॉप वारले १८६३ मध्ये अन् कॉलेज सुरू झालं १८८३ ला, त्यांच्या नावाने. आता कोणी घाईत "कॉलेजचे संस्थापक हिस्लॉप" असं कोरून टाकलं तर ते चूकच ना. शाळेचं जनरल रजिस्टर, कोनशिला, जुनं गॅझेटिअर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) सगळं बघा, शाळेचं साल अन् इमारतीचं साल वेगळं निघालं तर दोन्ही लिहा. नाव बदललं असेल तर जुनंही द्या. १८८५ चं मॉरिस कॉलेज आज वसंतराव नाईक संस्था आहे, पण तिथला चौक लोकांच्या तोंडी अजून मॉरिस कॉलेज टी पॉइंटच आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शिकवणाऱ्यांची नावं, अन् नेमकी तीच सुटतात. आपल्या नागपुरात जाईबाई चौधरींनी रेल्वे स्टेशनवर ओझी वाहिली, पुढे शिक्षिका झाल्या अन् १९२२ मध्ये दलित मुलींसाठी चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. अशा बाईंबद्दल नुसतं "थोर समाजसेविका" लिहून काय कळणार? हमाली लिहा, साल लिहा, शाळा कोणासाठी होती ते स्पष्ट लिहा. उद्घाटकाचं नाव खाली, बारीक अक्षरात.

पन्नास-साठ शब्द पुरे, रस्त्यावर उभं राहून माणूस जास्त वाचत नाही.

जागा शक्यतो शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूने घ्या, संस्थेचं लेखी पत्र घेऊन ठेवा. फुटपाथवर लावायचा तर मनपाच्या झोन ऑफिसात अर्ज करावा लागतो, अन् इमारत हेरिटेज यादीत असेल तर त्याचीही परवानगी काढा. फ्लेक्स बिलकुल नको, मे महिन्याच्या उन्हात रंग उडून जातो. काळा ग्रॅनाइट अन् कोरलेली अक्षरं घ्या.

कोरण्याआधी कारागिराकडून पूर्ण साइजचा कागदी प्रिंट मागा अन् शाळेतल्या एखाद्या रिटायर्ड मराठीच्या बाईंना दाखवा, रफार, अनुस्वार, वेलांट्या सगळ्या जागेवर आहेत का ते एकेक बोट ठेवून बघू द्या. त्यांची सही झाली की मगच छिन्नी.