जुन्या लाकडी बँडस्टँडची दुरुस्ती करताना या चुका टाळा

बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या बागेत जुना अष्टकोनी बँडस्टँड, म्हणजे वादकांसाठीचा उघडा मंडप, असला, की दुरुस्तीचा पहिला खर्च रंगावर होतो. रंग शेवटी द्यायचा असतो.

सर्वांत महाग चूक खांबाच्या पायथ्याशी होते. तळ कुजला की भोवती सिमेंट काँक्रीट ओततात. लाकूड आणि काँक्रीट यांच्यातल्या बारीक फटीत पाणी उतरते, पण वाळायला वाट राहत नाही. दोन-चार पावसाळ्यांत खांब बाहेरून भक्कम आणि आतून भुसा. टोच्याने टोचत वर जा, कडक लाकूड लागेल तिथून कापा आणि सुका साग तिरप्या सांध्याने जोडा. सांधा खांबाच्या जाडीच्या निदान तिप्पट लांब हवा. सहा इंची खांबाला दीड फूट. मात्र कापण्याआधी वरच्या तुळईला जॅकचा आधार द्या. नवा तळ दगडी उथाळ्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर, बसवा आणि उथाळ्याचा माथा बाहेर उतरता ठेवा.

खांबांची डोकी बाहेर झुकलीत, कळसाजवळची कौले खचलीत? मग दोष बहुधा खांबांत नाही. आठ कोनवासे, म्हणजे छपराच्या कोपऱ्यांतून कळसाकडे जाणारे तिरपे वासे, माथ्यावर एकत्र येतात आणि खाली बाहेरच्या बाजूला रेटा देतात. तो रेटा खांबांवरच्या आठ तुळयांचे कडे पेलते. कड्याचा एक सांधा सुटला की सगळे छप्पर पसरते. अशा वेळी मधोमध नवा खांब उभा करणे म्हणजे रोग सोडून पथ्य; वादकांची जागाही जाते. त्याऐवजी समोरासमोरच्या बाजूंची कौले जोडीने उतरवा, एकच बाजू मोकळी केली तर सांगाडा कलतो. मग तारदोर आणि टर्नबकलने (फिरवून दोर ताणायच्या आट्यांच्या जोडणीने) कडे रोज थोडेथोडे आवळा. सांध्यावर लोखंडी पट्टी आरपार बोल्टने बसवा. टोकाशी खिळे मारले तर जुना साग चिरतो.

कौलांऐवजी पत्रा घालण्याचा मोह आवरा. मंगळुरी कौलांचा भार चौरस मीटरला साधारण ४० किलो असतो. तो गेला की उघड्या मंडपाचे छप्पर वळवाच्या वाऱ्यात उचलले जाते, आणि पावसात पत्र्याखाली सनईसुद्धा ऐकू येणार नाही! तक्तपोशी, म्हणजे छपराखालचे फळ्यांचे छत, काढू नका, ती आवाज श्रोत्यांकडे परतवते. तिच्या वरच्या हवेच्या झरोक्यांना जाळी लावा, प्लायवूड नको.

काम दिवाळीनंतर काढा, मृगाआधी संपवा. ओलावामापकावर लाकूड १५ टक्क्यांखाली आल्याशिवाय ऑइलपेंट लावला, तर पहिल्याच उन्हाळ्यात फोड येतात.