बांधाच्या पायथ्याला गढूळ पाणी

आमचं शिवार खानापूर तालुक्यात, मलप्रभेला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी. वरच्या अंगाला मातीचा छोटा बांध आहे. पावसाचा लोंढा तिथं अडतो, म्हणून खालची भातं वाचतात. 2019 च्या ऑगस्टातल्या महापुरानंतर मी दर पावसाळ्यात बांधावर चक्कर मारतो.

गेल्या आषाढात पायथ्याला करंगळीएवढी धार दिसली. मातीचा बांध थोडा पाझरतोच, त्याचं भय नाही. पण मी पाणी स्टीलच्या तांब्यात धरून ठेवलं, तर घटकाभरानं तळाला लाल गाळ बसला. म्हणजे पाणी बांधाच्या पोटातली माती ओढून आणत होतं.

माझा पहिला विचार भोकात चिखल कोंबायचा. शेजारचे आण्णा ओरडले, "बुजवू नको रे, दुसरीकडनं फुटंल!" बरोबर होतं त्यांचं. पाणी जाऊ द्यायचं, माती तेवढी अडवायची. मग धारेवर आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, वर दगड असा थर रचला. वरच्या पाण्याचा जोर कमी व्हावा म्हणून सांडव्यात अडकलेला पालापाचोळा, ओंडके काढून तळ्याची पातळी उतरवली. दुसऱ्या दिवशी तांब्यातलं पाणी नितळ!

खरं दुखणं खेकड्यांची बिळं. ती उन्हाळ्यात तळं आटल्यावर पाण्याच्या बाजूनं खणली, चिकणमाती ओलवून अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरानं धुम्मसानं ठोकली. हात आठवडाभर दुखत होते.