"दोन मिनिटं काउंटर बघशील का?"

डिपार्टमेंट स्टोअरमध्ये नव्यानं लागणार असाल तर मुलाखत, गणवेश, ट्रेनिंग यांवर मी काही सांगत बसत नाही. पाय दुखतात, तेही पहिल्या आठवड्यात कळेल. बुटांचे दोन जोड ठेवा, आलटून पालटून घाला, आणि कोरा बूट सेलच्या पहिल्या दिवशी काढू नका. मला रडवलं ते पायांनी नाही, लॉगिननं.

तीन महिने मी बॅगांच्या सेक्शनला होते. मग कॅशवर बसवलं. म्हणजे उभंच केलं, बसायला तिथे काही नसतं. एका गर्दीच्या संध्याकाळी घसा कोरडा पडला म्हणून सिनियरला म्हटलं, "दोन मिनिटं काउंटर बघशील का?" तो म्हणाला, "जा गं." मी स्क्रीन तशीच उघडी टाकून पाणी प्यायला गेले.

रात्री ड्रॉवर मोजला तर पैसे कमी. परत मोजला. नोटा सुट्या करून, नाणी ओतून मोजली. फरक तोच. आता हा फरक नीट बघा, कारण मी बघितला नव्हता. सुटे देताना चूक झाली तर फरक बहुतेकदा एखाद्या नोटेएवढा येतो. हा होता एका ट्रॉली बॅगेच्या किमतीएवढा, शेवटच्या आकड्यापर्यंत. ज्या बॅगेचे टॅग मी तीन महिने लावले, तिची किंमत मला ओळखू आली नाही!

झालं होतं ते असं. बिल बंद करताना पैसे कशात आले ते मशीनला सांगावं लागतं. ग्राहकानं दिलं कार्ड, सिनियरनं घाईत दाबलं 'कॅश'. आता सिस्टिम ड्रॉवरमध्ये पैसे शोधतेय आणि पैसे गेलेत बँकेत. कॅश जेवढी कमी, कार्ड मशीनची दिवसाची स्लिप तेवढीच जास्त. दोन कागद शेजारी ठेवले असते तर पाच मिनिटांत उलगडा. पण स्लिप निघायच्या आधीच मी 'तूट माझी जबाबदारी' या फॉर्मवर सही करून मोकळी झाले होते. बिल माझ्या लॉगिनवर, सही माझी, आणि सिनियर केव्हाच घरी. दोन दिवसांनी अकाउंट्सनं घोळ शोधला, पगारातून काही गेलं नाही. फॉर्म मात्र अजून फायलीत आहे.

म्हणून काउंटर सोडताना स्क्रीन लॉक. पाण्याला जाताना लॉक. कॅरीबॅग काढायला मागे वळतानाही मी लॉक करते. हसतात लोक, हसू देत. बदली माणूस आला तर त्यानं स्वतःच्या लॉगिननं, स्वतःच्या ड्रॉवरवर बिलं करावीत. "पासवर्ड सांगून ठेव, सोयीचं पडतं" म्हणणारा कितीही गोड असो, सांगायचा नाही. आणि कार्डाची स्लिप बघितल्याशिवाय तुटीवर सही नाही. घाबरू नका, सुरुवातीला थोडीफार तूट सगळ्यांचीच येते. चोर कुणी म्हणत नाही. घाईघाईत सही करणाराच फसतो.

दुसरा माझा राग शॉर्टकटवर. सारखे दिसणारे तीन शर्ट आले की एकच स्कॅन करून संख्या ३ मारायची, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कुणीतरी शिकवेल. बिल बरोबरच येतं. पण बारकोड साइजला वेगळा असतो. सिस्टिममधून गेले तीन मीडियम, रॅकवरून गेला एक मीडियम, एक लार्ज, एक एक्स्ट्रा लार्ज. पुढे ग्राहक मीडियम मागतो, स्क्रीन म्हणते संपला, आणि तो तुमच्या पाठीमागे हँगरला लटकतोय. स्टॉक मोजायच्या रात्री याची किंमत सगळा सेक्शन जागून चुकवतो.

गुरू करायचाच तर सगळ्यात जास्त विक्री करणाऱ्याला करू नका. त्याच्याकडून बोलायला शिकाल, फार तर. मला खरं शिकवलं गोडाऊनमधल्या काकांनी: कुठला माल कुठल्या खोक्यात आणि कुठला परत आलेला. "काय हवंय?" विचारलं की "नुसतं बघतोय" हेच ऐकू येतं. त्यापेक्षा शेजारची घडी नीट करत "यात मोठी साइज आतल्या बाजूला आहे" म्हणा. तेही काकांचंच, आणि काका कधी फ्लोअरवर उभेही राहिले नाहीत.

परवा त्याच सिनियरनं मला बोलावलं, "दोन मिनिटं काउंटर बघशील का?" स्क्रीन उघडीच होती. मी पहिल्यांदा ती लॉक केली, रांगेला शेजारच्या काउंटरवर पाठवलं. परत आल्यावर त्याचा पासवर्ड दोनदा चुकला. त्यानं माझ्याकडे असं काही बघितलं की बस.