कापलेला ‘वी’चा बोर्ड सुरू होत नसेल तर

निन्टेंडोचा 2006 सालचा ‘वी’ हा गेम कन्सोल हातात धरून खेळता यावा म्हणून त्याचा मदरबोर्ड कापून लहान करतात. कापल्यावर तो सुरू झाला नाही, तर पुन्हा पुन्हा वीज जोडून पाहू नये, कारण वाचू शकणारा बोर्ड बहुधा अशाच प्रयत्नात कायमचा जातो.

प्रथम कापलेली कड भिंगाखाली पाहावी. बोर्डाच्या पोटात तांब्याचे थर एकावर एक असतात, आणि कापताना पात्याबरोबर तांबे ओढले जाऊन एका थराचा कीस शेजारच्या थराला टेकतो. आधी 400 आणि मग 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने कड घासावी, तांब्याची प्रत्येक रेघ सुटी दिसेपर्यंत थांबू नये, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने ती स्वच्छ करावी. ही धूळ काचेच्या तंतूंची असते, त्यामुळे मास्क हवाच.

त्यानंतर बोर्डाला वीज पुरवणाऱ्या 1, 1.15, 1.8 आणि 3.3 व्होल्टच्या चारही लाइनचा ग्राउंडशी (शून्य व्होल्टच्या सामाईक जोडाशी) असलेला रोध मोजावा. येथे दोन टोके जोडलेली असल्यास वाजणाऱ्या मल्टीमीटरच्या बीपवर विसंबू नये. 1 व्होल्टच्या लाइनचा रोध मुळातच इतका कमी असतो की बोर्ड धडधाकट असला तरी बीप वाजू शकतो, आणि नसलेला शॉर्ट शोधण्यात दिवस जातो. म्हणून बोर्ड कापण्याआधीच चारही आकडे कागदावर लिहून ठेवावेत आणि ओमच्या रेंजवर त्यांच्याशीच तुलना करावी. त्याच वेळी नँड मेमरीची (कन्सोलची सिस्टीम साठवणाऱ्या चिपची) प्रतही काढून ठेवावी, कारण तिच्यातील माहिती त्या एकाच कन्सोलच्या गुप्त सांकेतिक किल्ल्यांनी कुलूपबंद असते आणि दुसऱ्या कन्सोलची प्रत तिथे चालत नाही.

एखादा ट्रेस, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, तुटला असेल, तर वरचा हिरवा थर ब्लेडने अलगद खरवडून तांबे उघडे करावे, त्यावर सोल्डरचा पातळ थर द्यावा आणि केसाएवढ्या इनॅमल तारेने जोड द्यावा. विजेच्या लाइनसाठी मात्र तार जाड आणि आखूडच घ्यावी. 12 व्होल्टमध्ये 0.1 व्होल्टची घट जाणवतही नाही, पण 1 व्होल्टमध्ये तो दहावा हिस्सा होतो.

वीज जोडण्यापूर्वी नव्या रेग्युलेटरांचे, म्हणजे या चार लाइनना ठरावीक व्होल्टेज देणाऱ्या भागांचे, व्होल्टेज बोर्डाविना तपासावे. पहिल्यांदा करंटची मर्यादा बांधता येणाऱ्या पॉवर सप्लायवरच बोर्ड चालवावा, आणि दोन्ही मोठ्या चिपांवर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) बसवल्याखेरीज तो चालू करू नये.