दोघांनीच घर बांधताय? या चुका टाळा, आम्ही करून बसलोय

यवतमाळ जिल्ह्यात, काळ्या रानाला लागून आमचं घर. दोन खोल्या, मागे सैपाकघर, पुढे सपरी. गवंडी हे आणि मजूर मी. टिना चढवायला तेवढे शेजारचे दोघं आले, बाकी सगळं आमच्या हातचं. चुकासुद्धा.

सगळ्यांत महागात पडली पायाची चूक. एप्रिलात अडीच फूट खोदलं. खाली काळीच माती, पण सब्बलीलाही दाद देईना. आम्हाला वाटलं, झालं काम. मामाजी (माझे सासरे) काठी टेकत आले आणि म्हणाले, "पोरी, उनायात काया मातीवर भरोसा नोको ठेवू. मुरूम लागेपर्यंत खंदा." ऐकतं कोण! ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वावरात हात जाईल एवढ्या भेगा दरवर्षी दिसतात, पण तीच माती घराखालीही आहे हे डोक्यात येत नाही. पहिला पावसाळा सरला आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघाली.

मुरूम चार-पाच फुटांवर लागत असेल तर तिथपर्यंत जाच. त्याहून खोल असेल तर अंदाजाने थांबू नका, अभियंत्याला जमीन दाखवा. अशा जमिनीसाठी खाली फुगीर बूड असलेले खांब रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेत, पण ते दोघांच्या हातचं काम नाही.

त्यावर कडी म्हणजे पायातून निघालेली माती आयती होती म्हणून आम्ही तीच जोत्यात भरली. श्रावणात कोबा मधोमध वर आला, पाण्याचा तांब्या ठेवला की कलायचा. शेवटी सगळं उकरलं. मग मुरमाचे सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मसाने ठोकणं. माझे खांदे महिनाभर दुखत होते.

चीर आधीच पडली असेल तर लगेच लिंपून टाकू नका. तिच्यावर आडवी सिमेंटची टिकली लावा, तारीख लिहा आणि वर्षभर बघा. चीर ऋतूप्रमाणे उघडमिट करत असेल तर खालची माती हलतेय. रुंदावतच गेली तर मात्र जाणकाराला बोलवा. आमच्याकडे टिनांचं पाणी आणि न्हाणीचं सांडपाणी दोन्ही भिंतीच्या बुडाशी मुरत होतं. नाली काढली, घराभोवती बाहेर उतार देऊन तीन फुटांचा कोबा केला, न्हाणीजवळची केळ उपटली (जिवावर आलं होतं). त्यानंतर लावलेली टिकली दोन वर्षं शाबूत आहे.

आखणी करताना नुसत्या गुण्यावर (गवंड्याच्या काटकोनावर) जाऊ नका, कर्ण मोजा. खोली आतून १२ बाय १६ फूट असेल तर दोन्ही कर्ण बरोबर २० फूट भरले पाहिजेत. आमचे भरले नाहीत, म्हणून दिवाण भिंतीला नीट लागत नाही.

फेऱ्या वाचाव्या म्हणून मी अख्ख्या बॅगचा माल एकदम कालवायची. हे विटा लावेपर्यंत तो उन्हात आवळून यायचा, मग मी वरून पाणी घालून तो पुन्हा मऊ करायची. मेलेल्या मालात पाणी घालून जीव येत नाही. एकास सहाचा (एक भाग सिमेंट, सहा भाग रेती) माल चार-पाच घमेल्यांपुरताच कालवा, अर्ध्या तासात संपवा. विटा पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा, नाहीतर मालातलं पाणी त्याच पिऊन टाकतात.

तराईचं, म्हणजे बांधकामाला पाणी मारून ओल टिकवण्याचं, तर विचारूच नका. मे महिना, वीज रात्री, बोअरला करंगळीएवढी धार. आम्ही दिवसातून एकदा शिंपडायचो आणि भिंत तासाभरात पांढरी पडायची. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राखमिश्रित सिमेंटला १० दिवस सतत ओल लागते. ओली पोती टांगली तेव्हा कुठे जमलं. खरं तर पाया-जोतं संक्रांतीपर्यंतच उरकायला हवं. तेव्हा कापूस वेचणी असते, मान्य. तरी.

सैपाकघराची भिंत तुराटीच्या कुडाची. पहिलं लिंपण पापुद्र्यासारखं सुटलं, कारण मातीत कुटार (भुसा) कमी पडलं होतं. आता कुटार, शेण घालून चिखल चार दिवस मुरवते आणि आधी हातभर जागेवर लावून वाळवून बघते. सेवाग्रामला १९३६ मध्ये उभारलेली मातीची घरं पाहून या. छप्पर किती खाली उतरलंय, भोवती ओसरी कशी आहे ते बघा. आमच्या टिना भिंतीबाहेर जेमतेम सहा इंच होत्या, पावसाने लिंपण धुऊन नेलं. किमान दोन फूट बाहेर काढा.

टिनांना भोकं नागमोडीच्या उंचवट्यावर पाडायची, खोलगटात नाही. यांनी पहिली ओळ खोलगटात पाडली. मृगाच्या वावधनात (वादळात) टिना जागच्या हलल्या नाहीत, पण पाणी मात्र त्या भोकांतून बरोबर आत आलं. सगळी डांबर-चिंधीने बुजवली. एक अजून ठिबकतं, चुलीच्या डाव्या अंगाला. झड लागली की तिथे गंज (पातेलं) ठेवते.