त्रैक्य शिकवायचंय? पाणी-बर्फ-वाफ आधी पुसा

दृढीकरणाच्या (बाप्तिस्मा झालेल्या मुलांना विश्वासात पक्कं करण्याच्या) वर्गाला पहिल्यांदा त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही ख्रिस्ती शिकवण, शिकवलं, तेव्हा मी फळ्यावर पाणी, बर्फ आणि वाफ काढली होती. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, येशू नदीत उभा होता तेव्हा आकाशातून कोण बोललं? तेच पाणी एकाच वेळी बर्फ आणि वाफ कसं होईल?" मी खडू खाली ठेवला. सबेल्लियस या जुन्या ख्रिस्ती शिक्षकाच्या नावावर असलेलं मत, म्हणजे एकच देव वेळेनुसार तीन रूपं घेतो, ते मी शिकवत होते आणि तिनं ते एका प्रश्नात खोडलं.

तेव्हापासून मी सुरुवातच त्या नदीपासून, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्यापासून करते. आधी बायबलमधलं अनुवाद ६:४ वाचून घ्या: परमेश्वर एकच. तिथे बोट ठेवूनच मत्तय ३:१६-१७ उघडा. पुत्र पाण्यातून वर येतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो, पित्याची वाणी येते, तिन्ही एकाच वेळी. दोन्ही पानं खरी, हे मुलांना थोडं बोचू द्या. लगेच सोडवायला धावू नका. मग मत्तय २८:१९: पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा द्या. नावं तीन, पण 'नावाने' एकवचनी. हे आपण सांगायचं नाही, त्यांना सापडू द्यायचं. १ योहान ५:७ मधल्या पिता, शब्द, आत्मा या ओळीवर मात्र भिस्त ठेवू नका. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ती नाही.

शब्द यानंतर. 'देव काय आहे?' याला उत्तर एक: एकच तत्त्व. 'देव कोण आहे?' याला तीन: पिता, पुत्र, पवित्र आत्मा. या तिघांना 'व्यक्ती' म्हटलं की डोळ्यांपुढे तीन माणसं बसतात, म्हणून इथे सावकाश जा. इच्छा तीन नाहीत, सामर्थ्य तीन नाहीत. पिता कोणापासून नाही, पुत्र पित्यापासून जन्मलेला, आत्मा निघणारा. वेगळेपण एवढ्या नात्यापुरतंच. (आत्मा पित्यापासून की पुत्रापासूनही, यावर पूर्व आणि पश्चिमेच्या मंडळ्या फुटल्या. पहिल्या तासाला ते काढू नका.)

'जन्मलेला' म्हटलं की कुणीतरी विचारतंच, "म्हणजे आधी नव्हता?" चौथ्या शतकातल्या आरियस या धर्मगुरूचं म्हणणं नेमकं हेच होतं. त्याचा विरोधक, बिशप अथनेशियस, यानं उलट विचारलं: पुत्र निर्माण केलेला असेल, तर आपण निर्मितीची उपासना करतोय का? ३२५ साली निकेया इथल्या बिशपांच्या परिषदेनं पुत्र 'पित्याशी एकतत्त्व' असं लिहिलं. पवित्र आत्म्याबद्दलचा भाग ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला वाढला. सालं पाठ नसली तरी चालेल, अथनेशियसचा प्रश्न मात्र वहीत उतरवून घ्या.

उपमा शेवटी, आणि त्याही मुलांनी आणायच्या. ती कुठे मोडते ते शोधायचं कामही त्यांचंच. अंडं हमखास येतं: टरफल, पांढरं आणि पिवळं बलक, तीन मिळून एक. नुसतं टरफल म्हणजे अंडं का, एवढं विचारा आणि गप्प बसा.